भय ओसरते तेव्हा
ज्यास जबर मानसिक आघात झाला आहे, त्याला ती आठवण उच्चारण्याचेही भय वाटते. एमडीएमए हे द्रव्य काही तास ते भय ओसरविते. त्या अवधीत प्रशिक्षित उपचारकांच्या सोबतीने रुग्ण आपल्या दुःखाकडे पाहू शकतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे द्रव्य घेतलेल्यांपैकी ६७ टक्के रुग्णांत आघातोत्तर विकाराचे निदान उरले नाही. तोच संवादोपचार, परंतु निष्क्रिय गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. मात्र २०२४ मध्ये अमेरिकी औषध-नियंत्रकांनी अधिक पुरावा मागून मान्यता नाकारली. भारतात हे द्रव्य निषिद्ध आहे. म्हणून आम्ही त्याची शिफारस करीत नाही. तथापि द्रव्याविनाही जवळजवळ तिघांत एकास आराम पडला, हे आम्हांस मोलाचे वाटते. पाळकांनी व धर्मशिक्षकांनी पीडितास बोलते करण्याची घाई करू नये. धीराने ऐकावे आणि तज्ज्ञाकडे जाताना त्याची सोबत करावी.