रेघ उमटली नाही तर

लघवीतला गांजा शोधणारी पट्टी पहिल्यांदा हातात घेणारा माणूस ती हटकून उलटी वाचतो. करोनाच्या घरगुती चाचणीनं आपल्याला सवयच लावून ठेवली आहे, दोन रेघा म्हणजे लागण. इथं दोन रेघा म्हणजे सुटलात, आणि एकच उरली तर नोकरीवर गदा. असं का, हे समजावताना मी अजून रंगतो. लॅबमध्ये उभी हयात गेली, तरी ही पट्टी मला शिळी वाटत नाही.

पट्टीच्या तोंडाशी सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. ओले झाले की ते लालसर दिसतात, आणि प्रत्येक कणाला अँटिबॉडी चिकटवलेली असते. लघवीचे थेंब पडले की हे कण पुढे सरकू लागतात. वाटेत, चाचणीच्या रेघेच्या जागी, गांजाचंच द्रव्य आधीपासून बसवून ठेवलेलं असतं. लघवी स्वच्छ असेल तर अँटिबॉडी तिथं जाऊन बिलगतात आणि लाल रेघ उमटते. लघवीतच ते द्रव्य पुरेसं असेल तर संगीत खुर्ची आधीच संपलेली असते. अँटिबॉडी वाटेतच अडकून पडतात आणि रेघेची जागा कोरी राहते. पलीकडची दुसरी रेघ फक्त पट्टी ठीक चालली एवढंच सांगते. शिकाऊ मुलं फिकट रेघ पाहून गडबडतात. पण फिकट असली तरी रेघ ती रेघ, निकाल निगेटिव्हच.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पट्टी नशा आणणारं टीएचसी शोधतच नाही. यकृतानं त्याचं रूपांतर करून तयार केलेलं कार्बॉक्सी-टीएचसी ती शोधते, आणि त्याला नशा अशी नाहीच. टीएचसी चरबीत मुरतं आणि सावकाश बाहेर पडतं. त्यामुळे रोज ओढणाऱ्यानं गांजा सोडल्यानंतरही त्याची लघवी कित्येक आठवडे बोलत राहते. अमेरिकी सरकारी नियमांत पहिल्या चाळणीची मर्यादा मिलिलिटरमागे 50 नॅनोग्रॅम आहे. त्यात अडकलेला नमुना मास स्पेक्ट्रोमीटरवर जातो, तिथं 15. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

पण न ओढणारी माणसंही या पट्टीत अडकतात, ती सीबीडीच्या तेलापायी. त्याची मागची हकिकत थोडक्यात उरकतो. सीबीडी, म्हणजे त्याच झाडातलं पण नशा न आणणारं कॅनाबिडिऑल, रॉजर अ‍ॅडम्स यांनी 1940 मध्ये वेगळं केलं, आणि इस्रायलच्या राफाएल मेशूलम यांनी 1963 मध्ये त्याची नेमकी रचना मांडली. 2018 मध्ये एपिडिओलेक्स हे त्याचं अपस्माराचं औषध अमेरिकेत मंजूर झालं. त्याच वर्षअखेरीच्या शेती कायद्यानं 0.3 टक्क्यापर्यंत डेल्टा-9 टीएचसी असलेल्या भांगवर्गीय झाडाला ‘हेंप’ म्हणून मोकळीक दिली, आणि तेलांचा पूर आला. न्यू जर्सीत मुलीकडे गेलो होतो, तेव्हा गॅस स्टेशनच्या दुकानात गल्ल्याशेजारी, च्युइंगगमच्या बाजूला, या बाटल्या मांडलेल्या पाहिल्या. पुदिन्याच्या स्वादाची वेगळी, कुत्र्यांसाठीची वेगळी.

निव्वळ सीबीडी या पट्टीत सहसा सापडत नाही. मग माणसं अडकतात कुठं? त्या 0.3 मध्ये. ही रेषा मुळात आखली कॅनडाचे वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्मॉल यांनी, 1976 मध्ये, झाडांचं वर्गीकरण करता यावं म्हणून. कुठेतरी रेषा ओढायची म्हणून ओढलेली. ती पुढे कायद्यात शिरली आणि तिथून बाटलीवर आली. आता आपण हिशेब करू. तीस मिलीच्या बाटलीत सुमारे 28 ग्रॅम तेल असतं. त्याचे 0.3 टक्के म्हणजे 84 मिलीग्रॅम टीएचसी, म्हणजे दर मिलीला जवळजवळ 2.8 मिलीग्रॅम. केमोथेरपीच्या मळमळीवर टीएचसीचीच ड्रोनॅबिनॉल नावाची कॅप्सूल देतात, तिची सर्वांत लहान मात्रा 2.5 मिलीग्रॅमची. गुडघेदुखीसाठी रोज जिभेखाली मिलीभर तेल सोडणारा माणूस नकळत तेवढं टीएचसी घेत असू शकतो. टक्क्यांत ते नगण्य दिसतं, नॅनोग्रॅममध्ये डोंगर होतो. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेनं कायदा बदलला. वर्षभरानं लागू होईल अशा बेतानं तयार मालाला डबीमागे एकूण 0.4 मिलीग्रॅमची मर्यादा घातली. 84 कुठे आणि 0.4 कुठे!

त्यात लेबलही धड नसतं. 2017 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या 84 सीबीडी उत्पादनांची तपासणी छापून आली होती. लेबलवरचा सीबीडीचा आकडा जेमतेम 26 मध्ये खरा निघाला, आणि 18 मध्ये टीएचसी सापडलं.

याची किंमत मोजली ती न्यूयॉर्क राज्यातल्या एका ट्रकचालकानं. अपघातात खांदा आणि कंबर दुखावली, म्हणून 2012 मध्ये त्यानं टीएचसी नाही अशी जाहिरात केलेलं सीबीडीचं तेल मागवलं. पुढे मालकानं घेतलेल्या चाचणीत तो पॉझिटिव्ह आला आणि नोकरी गेली. पठ्ठ्यानं तेच तेल पुन्हा मागवून लॅबकडे धाडलं, त्यात टीएचसी निघालं. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या 1970 च्या कायद्याखाली त्यानं उत्पादकांवर दावा ठोकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एप्रिल 2025 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी त्याला दावा चालवायची मुभा मिळाली. नुकसानभरपाई नव्हे, फक्त मुभा. तेरा वर्षांनी! ट्रकचालकांना हाच लांबचा मार्ग उरतो, कारण अमेरिकी परिवहन खात्यानं 2020 मध्येच बजावलं आहे की ‘मी सीबीडी घेतलं होतं’ हा खुलासा पॉझिटिव्ह निकालावर चालणार नाही.

अनारशांच्या दिवसांत खसखशीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. खसखस खाल्ली तरी लघवीत मॉर्फिन दिसू शकतं. निरपराध माणसं अडकायला लागली, तेव्हा अमेरिकेनं 1998 मध्ये अफूजन्य द्रव्यांची मर्यादा 300 नॅनोग्रॅमवरून 2000 वर नेली. तरी 2023 मध्ये पेंटागॉननं सैनिकांना खसखस टाळायला सांगितलंच. (दुबईला फराळ धाडणाऱ्यांनी अनारशांवर तीळ लावावेत, तिथं खसखस बाळगायलाच बंदी आहे.) सीबीडीसाठी कुणी इतका उदार होईल असं मला वाटत नाही. खसखशीच्या मागे बेकरीवाले आणि आज्या उभ्या होत्या, तेलाच्या मागे दुकानदार.

खेळाडूंचं गणित निराळं. ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं 2018 पासून सीबीडी बंदीच्या यादीतून काढलं आणि स्पर्धाकाळात टीएचसीची मर्यादा 150 नॅनोग्रॅम ठेवली. बाकीची कॅनाबिनॉइड्स मात्र स्पर्धाकाळात निषिद्धच. म्हणजे मोकळीक नुसत्या सीबीडीला, तेलाला नव्हे.

आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यानं गांजाच्या व्याख्येतून पान आणि बी वगळलं. त्या आधारानं आयुष परवान्याखाली ‘विजया’ची, म्हणजे भांगेची, तेलं आणि गोळ्या विकल्या जातात, आणि त्यांतल्या काहींत टीएचसी मुद्दाम राखलेलं असतं. माल कायदेशीर, डॉक्टरची चिठ्ठीही खरी, पण पट्टीला कायदा वाचता येत नाही. नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएनं 2022 पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची अचानक चाचणी सुरू केली, तिच्या यादीत गांजा आहे. मर्चंट नेव्हीतली आपली कोकणातली मुलं तर या चाचण्या कोळून प्यायली आहेत. सुट्टीवर आल्यावर कुणी ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून काही पुढं केलं, तरी ती घेत नाहीत.

सीबीडीचं तेल घ्यायचंच असेल तर त्या बॅचचा लॅब अहवाल मागावा. टीएचसीपुढे ‘आढळलं नाही’ असं लिहिलेलं असतं, तिथं थांबू नये. शेजारच्या रकान्यात यंत्राला किती कमी मोजता येतं तो आकडा असतो. तो 0.1 टक्के असेल, तर तीस मिलीच्या बाटलीत पावशतकाहून जास्त मिलीग्रॅम टीएचसी असूनही अहवाल ‘आढळलं नाही’ असंच म्हणेल, आणि त्यात तो खोटंही बोललेला नसेल.