टाइममशीन मिळालं तर १२१७ गाठा!

जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतले प्राध्यापक थेट मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या इतिहासात पोचतात. मला तशी संधी मिळाली, तर ६ नोव्हेंबर १२१७ चं लंडन गाठेन! इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी मॅग्ना कार्टा ही सनद सगळ्यांना ठाऊक. त्या दिवशी निघालेली 'वनसनद' मात्र उपेक्षितच. राजा तिसरा हेन्री तेव्हा जेमतेम १० वर्षांचा. या वनसनदेमुळे राजाचं हरीण मारलं म्हणून यापुढे कुणाचा जीव वा हातपाय जाणार नव्हता. स्वतंत्र रयतेला रानात डुकरं चारायची मुभा मिळाली. ही सनद १९७१ पर्यंत टिकली.

आपल्याकडे भामरागडच्या माडिया आदिवासींना मोह, तेंदू, बांबूवर असा लेखी हक्क मागायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तुमच्या ग्रामसभेकडे असा हक्काचा लेखी पट्टा असेल, तर एकदा स्वतः वाचाच!