खाऱ्या वाऱ्यातली मॉडेल विमाने

रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमान हवेत कसे वागेल, हे मोटारीच्या ताकदीपेक्षा त्याचा तोल, पंखांची घडण आणि हलत्या पट्ट्यांची जुळणी यांवर अधिक ठरते. मालवणच्या किनाऱ्यावर हे लवकर कळते. पावसाळा सरला की इथे सकाळी जमिनीकडून हलके मतलई वारे वाहतात, तर दुपारी समुद्रावरून खारे वारे जोर धरतात. सुरूचे बन, माडाच्या रांगा किंवा जांभ्याच्या सड्याचा कडा आडवा आला की या वाऱ्याचा प्रवाह फुटतो आणि पलीकडच्या बाजूला भोवरे तयार होतात. सकाळी गुमान उडणारे विमान दुपारी त्याच पुळणीवर डुलते, वाऱ्यासमोर नाक वर काढते आणि उतरताना एका पंखावर कलंडते. यांतले बहुतेक दोष सुधारता येतात. मात्र प्रत्येक सुधारणेची काही ना काही किंमत असते.

पहिला प्रश्न वजनाचा. एक मीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद पंखाचे, ८०० ग्रॅम वजनाचे फोमचे विमान घेतले, तर किनाऱ्यावरच्या उष्ण, दमट हवेत ताशी सुमारे २८ किलोमीटर हा त्याचा किमान वेग येतो. वेग त्याखाली गेला की पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि विमान स्टॉल होते. वजन ६५० ग्रॅमवर आणले, तर ही मर्यादा साधारण २५ वर येते. म्हणजे विमान सावकाश उतरवता येते, पण हलके झाल्यामुळे झुळकेसरशी उसळतेही.

हा वेग हवेच्या सापेक्ष असतो, जमिनीच्या नव्हे. वारा ताशी २० किलोमीटर असेल आणि विमान हवेत ३५ च्या वेगाने उडत असेल, तर वाऱ्यासमोर जाताना ते जमिनीवरून पाहणाऱ्याला १५ ने सरकताना दिसते आणि वाऱ्याबरोबर ५५ ने धावताना. नवशिका हा ५५ चा वेग पाहून मोटार कमी करतो. प्रत्यक्षात पंखाला तेवढी हवा मिळत नसते. त्यातच वळण घेतले, तर पंखावरचा भार वाढतो आणि विमान कोसळते. हा दोष विमानाचा नसतो. तो कोणत्याही फेरबदलाने जात नाही.

खऱ्या दुरुस्तीची सुरुवात गुरुत्वमध्यापासून होते. साध्या आयताकृती पंखाच्या विमानात तो पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर असावा लागतो. वरच्या उदाहरणात ५ ते ६.५ सेंटिमीटरवर. तो फार मागे गेला, तर विमान चंचल होते आणि स्टॉलमधून सावरत नाही. फार पुढे असला, तर नाक जड होते आणि उतरताना एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी, पुरा पडत नाही. तपासणीची रीत सोपी आहे. सरळ उडणाऱ्या विमानाला पुरेशा उंचीवरून उतरता सूर देऊन नियंत्रकाची काठी सोडायची. नाक झटक्याने वर आले तर वजन पुढे आहे, आणखी खाली वळले तर मागे आहे. हळूहळू वर येणारे नाक सर्वांत सोयीचे. बहुतेक वेळा बॅटरी थोडी पुढे-मागे सरकवूनच काम भागते.

त्यानंतर हलत्या पट्ट्या. एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरच्या पट्टीच्या, सांध्यात फट असेल, तर पंखाखालची जास्त दाबाची हवा तिथून वर निसटते आणि पट्टीचा परिणाम कमी होतो. फटीवर पातळ पारदर्शक टेप लावला की तीच पट्टी चांगली काम करू लागते. पट्टी मोकळी हलते ना, एवढे पाहावे लागते. दुसरा दोष वळणावर दिसतो. विमान उजवीकडे कलते, पण नाक आधी डावीकडे जाते, कारण खाली वळलेला एलेरॉन जास्त अवरोध निर्माण करतो. म्हणून वर जाणाऱ्या एलेरॉनला १२ मिलिमीटर हालचाल दिली, तर खाली जाणाऱ्याला ६ मिलिमीटरच देतात. उरलेली कसर रडरने, म्हणजे शेपटीच्या उभ्या पट्टीने, भरून निघते.

पंखांची टोके कोनात वर उचललेली असली की विमान आपोआप सरळ होते. एलेरॉन नसलेल्या शिकाऊ विमानाला हा कोन लागतोच. पण बाजूच्या वाऱ्यात हाच गुण उलटतो: झोत ज्या बाजूने येतो तो पंख वर उचलला जातो आणि विमान सारखे डुलते. एलेरॉन असतील, तर हा कोन कमी करणे किनाऱ्यावर फायद्याचे ठरते.

उतरताना एका पंखावर कलंडण्याचे कारण बहुधा टोकाचा स्टॉल असते. त्यावर उपाय म्हणजे टोकाकडे पंखाला दोन-तीन अंशांचा पीळ देणे, म्हणजे तिथली पुढची कड किंचित खाली झुकते. मग स्टॉल आधी पंखाच्या मुळाशी होतो आणि टोकाकडचे एलेरॉन काम करत राहतात. तयार पंख पिळता येत नसेल, तर दोन्ही एलेरॉन दोन-तीन मिलिमीटर वर ठेवूनही असाच परिणाम काही अंशी मिळतो. त्याच्या बदल्यात पंखाची उचल थोडी घटते.

लहान पंखांची आणखी एक अडचण असते. त्यांच्यावरून जाणारा हवेचा थर संथ असतो, त्यामुळे मंद वेगात तो पंखाच्या पृष्ठभागावरून लवकर सुटतो. पंखाच्या वरच्या बाजूला, पुढच्या कडेमागे दोरा किंवा बारीक पट्टी चिकटवली की त्या थरात खळबळ होते आणि तो पंखाला जास्त वेळ धरून राहतो. जाड आणि अरुंद पंखाला याचा उपयोग होतो. आधीच खडबडीत असलेल्या फोमच्या पंखावर फरक क्वचितच जाणवतो. पंखाच्या टोकांना उभ्या पट्ट्या लावणे मात्र बहुतेक वेळा शोभेपुरतेच. लहान मॉडेलमध्ये त्या वजन वाढवतात आणि बाजूचा वारा झेलतात.

शेपूट सतत डावी-उजवीकडे हलत असेल, तर उभ्या पंखाचे क्षेत्रफळ वाढवतात. ते अती झाले, तर विमान वळणात खोल घसरू लागते. मोटार वाढवताच विमान डावीकडे ओढत असेल, तर मोटारीच्या डावीकडच्या स्क्रूंखाली वॉशर घालून तिचा रोख दोन-तीन अंश उजवीकडे करतात. नाक वर उचलत असेल, तर वॉशर वरच्या बाजूला घालतात.

एका वेळी एकच बदल करावा, तोही वारा शांत असताना, आणि त्याची नोंद ठेवावी. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाने आला हे कळत नाही. खाऱ्या हवेत सांधे आणि सळ्या गंजतात, वाळूने पट्ट्या हलवणाऱ्या सर्वोचे दाते झिजतात. पट्टीत ढिलाई आली की वरची सगळी जुळणी वाया जाते. म्हणून प्रत्येक उड्डाणानंतर किंचित ओल्या कापडाने विमान पुसून, वाळवून ठेवावे लागते.

जागेची निवडही जपून करावी लागते. वेंगुर्ले तालुक्यातील चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. देवबाग, भोगवे हा कर्ली खाडीकाठचा भाग त्याच्या जवळ आहे. ड्रोन नियम, २०२१ नुसार मॉडेल विमानांनाही हवाई क्षेत्राच्या नकाशाचे बंधन आहे. या नकाशावरच्या पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची, तर लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी लागते. त्यामुळे पुळण कितीही मोकळी दिसली, तरी डिजिटल स्काय या सरकारी व्यवस्थेवरचा नकाशा पाहूनच विमान उडवावे.