संकेतस्थळ कानांनी तपासा

धडगाव सातपुड्याच्या डोंगरात आणि जिल्हा रुग्णालय नंदुरबार शहरात. डोळ्यांच्या तपासणीसाठी तिकडून येणाऱ्या अंध व्यक्तीचा अख्खा दिवस जातो. सोबत आलेल्या नातेवाइकाची मजुरी बुडते. तपासणीचा वार आणि लागणारी कागदपत्रे घरीच मोबाइलवर कळली, तर एक हेलपाटा वाचतो. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचा अर्जही आता केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरता येतो. पण ज्याला दिसत नाही, त्याने तो भरायचा कसा?

यासाठी स्क्रीन रीडर असतो. पडद्यावरचा मजकूर तो आवाजात वाचून दाखवतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ आधीपासूनच असते. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ मोफत मिळते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये त्याचे काम सुरू केले.

मात्र संकेतस्थळच सदोष असेल, तर स्क्रीन रीडरही अडतो. स्कॅन करून टाकलेली सूचना त्याच्या लेखी नुसते चित्र असते. बटणाला नाव दिलेले नसेल, तर ‘बटण’ एवढेच ऐकू येते. ते ‘जमा करा’चे की ‘रद्द करा’चे, हे कळत नाही. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधील मराठी अगम्य ऐकू येते. चित्रातली अक्षरे ओळखण्याच्या कॅप्चाला आवाजाचा पर्याय नसेल, तर अर्ज तिथेच थांबतो.

सरकारी संकेतस्थळांसाठी देशात २००९ पासून मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. तपासणीसाठी स्वयंचलित साधनेही आहेत, पण त्यांना मर्यादा आहेत. चित्राला वर्णन जोडले आहे की नाही, हे साधन सांगते; ‘छायाचित्र १’ या वर्णनाचा ऐकणाऱ्याला काही उपयोग आहे का, हे सांगू शकत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून डॉक्टर रुग्णाला तपासायचे सोडत नाहीत, तसेच हे.

खरी चाचणी सोपी आहे. माउस बाजूला ठेवावा, स्क्रीन रीडर सुरू करावा, पडदा बंद करावा आणि फक्त की-बोर्डवर एखादा अर्ज पहिल्या रकान्यापासून पोचपावतीपर्यंत भरून पाहावा. टॅब दाबल्यावर रकाने क्रमाने येतात का? चूक झाली, तर ती कुठे झाली हे ऐकू येते का? त्यानंतर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध व्यक्तीकडून तेच काम करून घ्यावे. सवयीच्या कानाला इतरांच्या लक्षात न येणारे दोष चटकन सापडतात.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. केवायसी करणाऱ्या संस्थांनी संकेतस्थळे आणि अॅप तयार करताना चाचणीत अंध व्यक्तींना सामील करावे, असेही निर्देश दिले. रुग्णालयांना आणि कार्यालयांना सुरुवात आजही करता येईल. पुढची सूचना स्कॅन करून टाकण्याऐवजी युनिकोडमध्ये टंकलिखित करून टाकावी. त्याला वेगळा खर्च नाही, आणि डोंगरातल्या एखाद्याची नंदुरबारची एक फेरी त्यामुळे वाचेल.