कोरडं फडकं, धानाची धूळ आणि गाडीचा रंग

‘गाडीवर नुसती धूळच तर आहे, कोरड्या फडक्यानं झटकली की झालं.’ गाडीच्या रंगाचं सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीनं होतं. पवनी तालुक्यातल्या कोंढ्यासारख्या गावात तर फारच, कारण इथली धूळ साधी नसते.

नोव्हेंबरात धानाचे चुरणे, म्हणजे मळणी, सुरू झाली, की रस्त्याकडेच्या प्रत्येक गाडीवर पिवळसर थर बसतो. त्यात मातीबरोबर धानाच्या भुशाचा चुरा असतो. धानाचं रोप जमिनीतून सिलिका शोषतं आणि पात्यांत व फोलपटात साठवतं. कापणी करणाऱ्याच्या हाताला पात्याची धार लागते, ती याच सिलिकेमुळे. भुशात वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के सिलिका असते. राईस मिलमध्ये भुसा जळून जी राख उरते, ती तर बहुतांश सिलिकाच. मातीतली बारीक वाळू म्हणजे क्वार्ट्‌झ, तो याहूनही कठीण. इथल्या चौरास भागात बोअरवेलवर उन्हाळी धान घेतलं जातं, म्हणून असा धुळीचा हंगाम वर्षातून दोनदा येतो.

ही धूळ कोरड्या फडक्याखाली दाबून पुसणं म्हणजे बॉनेटला बारीक पॉलिशपेपर लावणंच आहे. गाडीच्या पत्र्यावरचे रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, ज्याला कारागीर क्लिअर कोट म्हणतात, जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. चकाकी तोच देतो आणि खालच्या रंगाला उन्हापासून तोच वाचवतो. काळी किंवा गडद निळी गाडी उन्हात उभी करून तिरपं पाहिलं, की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. ते रस्त्यावर पडलेले नसतात, रोज सकाळी मायेनं फिरवलेल्या फडक्याचे असतात. मला यातलं हेच सगळ्यात जास्त खुपतं: जो माणूस गाडीची जास्त काळजी घेतो, त्याचीच गाडी लवकर निस्तेज होते.

म्हणून आधी पाणी, मग हात. गाडी सावलीत, पत्रा थंड झालेला. सुरुवातीला वरून भरपूर पाणी सोडून सुटी धूळ वाहू द्यायची. मग दोन बादल्या: एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचं फडकं टपावरून खाली, सरळ रेषेत, न दाबता फिरवायचं आणि दर खेपेला आधी साध्या पाण्यात खळबळून मगच साबणात बुडवायचं. चाकांचं फडकं वेगळं. हातातून जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लावायचं नाही, ते कितीही झटकलं तरी.

कपड्यांची पावडर चालते, असंही बरेच जण मानतात. तिनं गाडी स्वच्छ होते, यात शंका नाही. पण त्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो. तिचं अल्कधर्मी पाणी रंगावरचा वॅक्सचा थर काढून टाकतं आणि काचेच्या रबरात पांढरा अंश धरून बसतं. भांड्यांच्या लिक्विडनंही वॅक्स जातं. अडचणीच्या वेळी एकदा वापरलं म्हणून रंग उडत नाही. नवं वॅक्स लावण्याआधी जुनं काढायला काही जण मुद्दाम तेच घेतात. दर आठवड्याला मात्र गाडीचा शॅम्पूच हवा.

धुतल्यावर गाडी आपोआप वाळू द्यावी, हा समज बोअरवेलच्या गावात फार महाग पडतो. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. म्हणजे पिण्याजोगं पाणीसुद्धा गाडीवर डाग ठेवून जाऊ शकतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेलेला असताना थेंब क्षणात उडतो आणि क्षाराचं वर्तुळ तिथंच भाजून बसतं. धुतल्याबरोबर मऊ टॉवेलनं टिपून घ्यावं. डाग ताजे असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून हलकेच पुसावं आणि लगेच ती जागा धुवावी. पावसाळ्यात पहिल्या सरींनी छपरावरची घाण वाहून गेली, की पन्हाळीचं पाणी ड्रमात धरता येतं. ते मऊ असतं. शेवटचा हात त्यानं मारला तर डाग पडत नाहीत.

पावसात गाडी आपोआप धुतली जाते, हेही खरं नाही. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीतून निघालेले ट्रॅक्टर चिखल डांबरी रस्त्यावर आणतात आणि तो आपल्या चाकांच्या कमानीत जाऊन बसतो. वरून गाडी चकचकीत दिसते, पण आत तो चिखल आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, तीही बुजतात. गंज तिथूनच लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये बॉनेटपेक्षा गाडीचं पोट धुणं जास्त गरजेचं. डिक्कीत युरियाचं पोतं सांडलं असेल तर मात्र पाणी ओतू नये. दाणे ओल ओढतात, विरघळून मॅटखाली मुरतात आणि खताचं ते पाणी पत्रा खातं. आधी कोरडंच झाडून किंवा व्हॅक्यूमनं सगळं काढावं, मग ओल्या फडक्यानं पुसावं.

पॉलिशबद्दलचा गोंधळ तर वेगळाच. पॉलिशनं रंगाला संरक्षण मिळतं, असं सरसकट सांगितलं जातं. होतं उलट. पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात. ते क्लिअर कोटचा वरचा पापुद्रा काढून ओरखडा सपाट करतात. रबिंग कंपाउंड त्याहून खरखरीत. प्रत्येक पॉलिशबरोबर तो थर थोडा थोडा संपतो आणि पुन्हा भरून येत नाही. म्हणून दर सर्व्हिसिंगला कुणी पॉलिश सुचवलं तर खुशाल नाही म्हणावं. संरक्षण देतं ते वॅक्स. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. आपल्या उन्हात ते काही आठवडेच टिकतं, पण घासत काही नाही.

सिरॅमिक कोटिंग केलं की ओरखडाच पडत नाही, कारण ते ‘९एच’ आहे, हा अलीकडचा समज. हा आकडा पेन्सिलीच्या चाचणीतला आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली थरावर ओढून पाहतात आणि ९एच ही त्या मापातली वरची पायरी. खनिजांचा कठीणपणा मोजायचं मोहस् माप वेगळं. त्यात क्वार्ट्‌झ सातवर आहे आणि पेन्सिलीचं शिसं त्याच्या कितीतरी खाली. भुशाची धूळ कोटिंगवरही ओरखडे पाडतेच. कोटिंगचा खरा फायदा एवढाच, की पाणी आणि घाण लवकर घसरते, धुणं सोपं होतं.

झाडाखालची सावली गाडीला चांगलीच, पण पक्ष्यांची विष्ठा पावसानं जाईल म्हणून ठेवू नये. त्यात युरिक आम्ल असतं. तापलेला रंग मऊ पडतो, वरची विष्ठा सुकून आकसते आणि तिचा ठसा रंगात उमटतो. ऑक्टोबरात रात्री दिव्यांवर झेपावणारे धानावरचे तुडतुडे बंपरवर चिकटतात, त्यांचंही तसंच. खरवडायचं नाही, ओलं फडकं दहा मिनिटं ठेवायचं, मग उचलायचं.

हेडलाइटला टूथपेस्ट घासली की पिवळेपणा थोडा जातो, पण पॉलिकार्बोनेटवरचं ऊन अडवणारं अस्तरही जातं आणि काही महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा पडतो. टायरला डिझेल लावू नये, रबर त्यानं फुगतं आणि कमजोर होतं. डॅशबोर्डला खोबरेल नको, त्यावर धूळच जमते. इंजिनावर प्रेशरचं पाणी मारलं तर ते वायरिंगच्या जोडण्यांत शिरतं. थंड इंजिन ब्रश आणि ओल्या फडक्यानं पुरेसं साफ होतं.

आता पाणी. घरच्या पाइपातून मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी सहज येतं, म्हणजे वीस मिनिटांत २०० ते ३०० लिटर. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या जलमंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाडी धुण्यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड लावला होता. तीन-चार बादल्यांत गाडी नीट निघते, चिखलाच्या दिवसांत थोडं जास्त लागतं. पाणी वाचवायचं म्हणून गाडी बोडीत, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यात, किंवा वैनगंगेच्या घाटावर नेणं हा उपाय नव्हे. ऑइल, ग्रीस आणि साबण सरळ त्या पाण्यात उतरतात, ज्यावर गावची जनावरं येतात. त्यापेक्षा घरामागच्या गवताळ, मुरमाड जागेवर गाडी धुवावी. विहिरीपासून लांब, आणि उतार बोडीकडे नसलेल्या बाजूला.