घरच्या विमानाची कसोटी उतरताना

कांदिवलीत चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेलं सहा आसनी विमान 2016 च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात वांद्रे-कुर्ला संकुलात मांडलं गेलं, तेव्हा बघणाऱ्यांना एकच उत्सुकता होती : हे उडेल का? इंजिनात दम असेल आणि पंख नीट बसवले असतील, तर विमान उडतंच. हौसेने बांधलेल्या विमानाची खरी कसोटी लागते ती उतरताना. तिथले अपघात पाहून लोक ‘घरगुती कामाला’ बोल लावतात. माझ्या मते मोठा दोष वेगळाच आहे : कमी वेगात ते विमान कसं वागतं, हे चालवणाऱ्याला पुरतं माहीत नसतं.

पंखांची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग एका मर्यादेखाली गेला आणि नाक वर ओढत राहिलं, की पंख एकदम उचल सोडतो. वैमानिक याला ‘स्टॉल’ म्हणतात. ही मर्यादा 50 नॉट असेल, तर साधारण तिच्या 1.3 पट, म्हणजे 65 नॉटने धावपट्टीकडे यायचं, असा रिवाज आहे. कारखान्यातल्या विमानाच्या पुस्तिकेत हा आकडा छापलेला असतो. घरच्या विमानात तो कागदावरचा अंदाज असतो आणि वेगाचा काटाही चुकीचा असू शकतो. वेग दहा टक्के जास्त झाला, तर जिरवायची ऊर्जा 21 टक्क्यांनी वाढते. विमान तरंगत राहतं, टेकून उसळतं, घाबरून नाक खाली दाबलं तर पुढचं चाक मोडतं. वेग कमी पडला, तर जमिनीलगत एक पंख खाली पडतो आणि सावरायला उंची नसते. तोच स्टॉल चार हजार फुटांवर मुद्दाम करून पाहिला, तर उंची हाताशी असते आणि काटा नेमका कुठे असताना पंख सोडतो ते कळतं. मग काटा खोटं बोलला तरी बरंचसं निभावतं. त्या आसपास तो कुठे फसवतो ते ठाऊक झालेलं असतं.

यावर आकडेवारीचा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या 2012 च्या अभ्यासानुसार तिथल्या खासगी-हौशी विमानांपैकी सुमारे दहा टक्के विमानं घरी बांधलेली. पण 2011 मधल्या या क्षेत्रातल्या जीवघेण्या अपघातांत त्यांचा वाटा 21 टक्के. मात्र त्याच अभ्यासात अपघात झालेली अर्ध्याहून अधिक विमानं सेकंडहँड घेतलेली होती. ती आधी उडून-उतरून झालेली होती. नवखा होता तो मालक. मोठ्या विमानांच्या अनुभवाचाही इथे फार आधार नको. बोइंगचा वैमानिक जमिनीपासून वीस-तीस फुटांवर नाक उचलायला लागतो. छोट्या विमानात तेच केलं तर ते हवेतच लटकून आपटेल. म्हणूनच अमेरिकेत 2014 पासून पहिल्या चाचण्यांना पात्र दुसरा वैमानिक सोबत बसवायची मुभा आहे.

आपल्याकडे मात्र सगळं लक्ष कागदावर. यादवांच्या विमानाची नोंदणी 2017 मध्ये झाली, उड्डाणाची परवानगी 2019 मध्ये मिळाली आणि 2020 मध्ये धुळ्याला चाचणी झाली. नियम शिथिल केले तर उद्या कुणीही काहीही उडवेल, ही भीती अगदीच खोटी नाही. नाशिक जिल्ह्यातल्या वणीकरांना ती नेमकी कळेल : ओझरची धावपट्टी हातभर अंतरावर, पण इंजिन बंद पडून दिंडोरीच्या पट्ट्यात कुठेतरी उतरायची वेळ आली, तर खाली लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारांचे द्राक्षमांडव. तिथे निष्णात वैमानिकाचंही काही चालायचं नाही. पण ही अडचण फायली वर्षानुवर्षं अडवून सुटत नाही. एचएएलची लढाऊ विमानं आणि प्रवासी वाहतूक असलेल्या ओझरपेक्षा धुळ्यासारखी कमी वर्दळीची धावपट्टी, भोवतीची मोकळी जमीन, आणि प्रवासी बसवण्याआधी कमी वेगातल्या चाचण्यांची सही केलेली नोंद, एवढं विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने सक्तीचं करावं. गच्चीवर रिव्हेट ठोकणाऱ्याला त्याची अडचण वाटणार नाही. आकडे त्यालाही हवेच असतात.