दातावरचा पांढरा डाग काय सांगतो?

मुलाच्या दातावर पांढरट डाग दिसला की घरात पहिली शंका येते ती किडीची. जबलपूर-मंडला पट्ट्यात मात्र आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे घरी कुठले पाणी पितात. फ्लोराइड कमी पडले तर दात लवकर किडतो, पाण्यातून फार गेले तर दातांवर कायमचे डाग पडतात.

आधी कीड कशी लागते ते पाहू. दाताचे वरचे कवच, म्हणजे दंतवल्क, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण दातावर साचलेल्या थरातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. तिथला पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की कवचातली खनिजे विरघळू लागतात. लाळ अर्ध्या-एक तासात आम्लाचा जोर उतरवते आणि खनिजे परत बसू लागतात. म्हणून जेवणावर एकदाच खाल्लेल्या खोवा जलेबीपेक्षा दिवसभर घोट घोट घेतलेला गोड चहा दातांना जास्त बाधतो, कारण लाळेला सवडच मिळत नाही. हिरडीलगतचा खडूसारखा पांढरा डाग ही किडीची पहिली पायरी. या टप्प्यावर टूथपेस्टमधले फ्लोराइड खनिजे परत बसवायला मदत करते. खड्डा पडला की मात्र डॉक्टरांशिवाय इलाज नाही.

दुसरा डाग दात उगवण्याआधीच पडतो. साधारण आठ वर्षांपर्यंत कायमच्या दातांचे कवच जबड्यात घडत असते. त्या काळात पोटात फ्लोराइड जास्त गेले तर कवच नीट पक्के होत नाही, सच्छिद्र राहते. आधी पांढरे पट्टे दिसतात, ते पुढे पिवळे-तपकिरी होतात आणि जास्त त्रास असेल तर कवचाचे टवके उडतात. याला दंत-फ्लोरोसिस म्हणतात. पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते.

मंडला जिल्ह्यातल्या तिलईपानी गावात हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड या मर्यादेच्या कितीतरी पट होते. मुलांचे दात डागाळलेच, शिवाय गुडघे आत वळून पाय वाकडे झाले. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेने तिथे सुरक्षित पाण्याबरोबर कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व देणाऱ्या आहारावर भर दिला. त्यात चकोड्याची भाजी होती, म्हणजे आपला टाकळा.

दोन्ही डाग ओळखायचे कसे? फ्लोरोसिसचे पट्टे आडवे असतात आणि डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखे दिसतात. किडीचा डाग एखाद्याच दातावर, हिरडीपाशी किंवा फटीत असतो.

पाण्याची शंका असेल तर ते सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी (पीएचई) विभागाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटते आणि प्रमाण उलट वाढते. आरओ किंवा ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचा फिल्टर उपयोगी पडतो. गावपातळीवर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) विकसित केलेली, तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड खाली बसवणारी नलगोंडा पद्धत आहे.

म्हणून टूथपेस्ट सोडायची का? नाही. पेस्ट थुंकायची असते, पाणी पोटात जाते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. घासताना मोठ्या माणसाने जवळ उभे राहावे. मोठ्यांनी सकाळी आणि रात्री झोपताना दोन-दोन मिनिटे मऊ ब्रश फिरवावा. हिरडीतून रक्त आले म्हणून ब्रश थांबवू नये. बहुधा तिथे थर किंवा कीटण, म्हणजे कडक झालेला थर, साचलेले असते. थर ब्रशने निघतो, कीटण डॉक्टरांकडूनच काढावे लागते. फ्लोरोसिसचे डाग मात्र जोरात घासून जात नाहीत, उलट कवच झिजते. ते खुपत असतील तर दंतवैद्य ते फिके करतात किंवा झाकतात. धाकटे भावंड असेल तर पाणी आजच बदला, त्याच्या दातांचे कवच अजून घडते आहे.